झाड तोडल्याचं वाईट वाटतं, पण टेबल लाकडाचंच हवं. हे कसं जुळवायचं?

निरंजना

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळणारी गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलीसाठी अभ्यासाचं टेबल करायला टाकलं आहे, सागवानी. मागच्या आठवड्यात फळ्या निवडायला तिलाही सोबत नेलं. सुतारदादांनी एक जाड फळी आडवी टाकली, तिच्या टोकावरून ओलं फडकं फिरवलं आणि आतली वलयं एकदम उठून दिसली. मुलगी तिथेच उकिडवी बसून मोजायला लागली. ४३ भरली. तीही एका फळीतली, म्हणजे झाड त्याहून जुनं असणार. मोजून झाल्यावर तिने हात फळीवरून काढलाच नाही. म्हणाली, “आई, हे तुझ्यापेक्षा मोठं होतं?” मी हो म्हटलं. “मग माझ्या टेबलासाठी त्याला का मारलं?”

मला उत्तर देता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करण्यासाठी झाडं तोडणार होते, तेव्हा मी फलक घेऊन उभी राहिले होते. तेव्हा लाकूडवाले म्हणजे रानाचे वैरी, हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की त्यावर कधी विचारच केला नाही. आणि आता त्यांच्याचकडून आलेल्या फळीवर हात फिरवताना मला छान वाटत होतं. तो स्पर्श, तो वास. खोटं कशाला बोलू? मला घरात लाकूड हवं आहे आणि रानात कुऱ्हाड नको आहे.

लोखंडी टेबल घेऊ? एमडीएफचं घेऊ? की मुलीला सांगण्यासारखं काही खरं उत्तर आहे? इथे कुणी या कामात प्रत्यक्ष असेल तर कृपया लिहा. “एक झाड तोडलं तर दोन लावतात” हे वाक्य मी ऐकलेलं आहे, त्याने समाधान होत नाही.

---

पानगळ

निरंजना, तुमच्या मुलीला जे कळलं ते बरोबर आहे, त्यावर मलमपट्टी करू नका.

मी पक्षी बघत फिरतो. जुनं मिश्र रान आणि रांगेत लावलेलं एकाच जातीचं रोपवन, दोन्हींत पहाटे उभा राहिलो आहे. पहिल्यात कुठल्या आवाजाकडे कान द्यावा कळत नाही. दुसऱ्यात वाळलेल्या पानांवर स्वतःच्याच पावलांचा आवाज येतो. लाकूड उद्योगाच्या जाहिरातीत दोन्हींना “हरित आच्छादन” म्हणतात. दोन झाडं लावली हे खरं असेलही, पण त्यांनी जे तोडलं ते झाडांचं गाव होतं आणि जे लावलं ती झाडांची रांग आहे.

आपली म्हण आहेच, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. हौसेने घेतलेली प्रत्येक लाकडी वस्तू मला तो दांडा वाटते. चिपको आंदोलनातल्या बायका झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या त्या काय टेबलासाठी? माझं मत विचाराल तर जुनं लाकूड शोधा, पाडलेल्या इमारतीतलं. नवीन घेऊ नका.

---

जुना वनपाल

निरंजनाताई, माझी नोकरी २६ वर्षं रानात गेली. त्यातली बरीच वर्षं तोडायची झाडं निवडण्यात. तुमच्या मुलीच्या प्रश्नातला “का मारलं” हा भाग माझ्याकडे येतो, म्हणून मीच उत्तर देतो.

आधी काम कसं होतं ते सांगतो, कारण लोक कुऱ्हाड बघतात, त्याच्या आधीचं कुणी बघत नाही. रोपवनात सुरुवातीला रोपं दाट लावतात. दाटीमुळे ती सरळ वर जातात, फांद्या कमी येतात. पुढे शेंडे एकमेकांत घुसतात आणि प्रत्येक झाड अर्धपोटी राहतं. मग विरळणी करावी लागते, म्हणजे काही झाडं काढून बाकीच्यांना जागा करून द्यायची. मी एका हातात रंगाचा डबा आणि कमरेला शिक्क्याचा हातोडा घेऊन निघायचो. प्रत्येक झाडापाशी थांबायचं आणि आधी वर बघायचं. शेंडा मोकळा आहे का, शेजारच्याने दाबलाय का. मग खोड बघायचं, वाकडं, पोखरलेलं, विजेने फाटलेलं. मग ठरवायचं, हे राहील, हे जाईल. जाणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर रंगाचा पट्टा आणि बुंध्यापाशी, अगदी जमिनीलगत, साल तासून हातोड्याचा ठसा. ठसा खाली का? तर झाड गेल्यावरही तो खुंटावर राहिला पाहिजे. नंतर कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला रानाचा तुकडा, तपासायला गेलो की प्रत्येक खुंटाशी वाकून ठसा बघायचा. ठसा नसलेला खुंट म्हणजे चोरीची तोड. त्या वाकण्याने माझी कंबर गेली, पण कुठलं झाड आपण तोडलं आणि कुठलं दुसऱ्याने, हे मी छातीठोक सांगू शकत होतो.

एकदा शिक्षकांचा एक गट रान बघायला आला. नेमकी वाटेवर ताजी तोड झाली होती. लाल माती उघडी, फांद्यांचे ढीग, खुंटांमधून रस गळतोय. त्यांच्यातल्या एक बाई रडल्या. एकाने मला तोंडावर “खाटीक” म्हटलं. मी काही बोललो नाही, ते दृश्य खरंच तसंच दिसतं, मलाही पहिल्या वर्षी सहन झालं नव्हतं. आठ वर्षांनी असाच दुसरा गट त्याच कूपात आणला. सागाच्या खुंटांना धुमारे फुटून ते पार डोक्यावर गेले होते, मध्ये मोकळ्या जागेत दुसऱ्या जाती आपणहून उगवल्या होत्या. ते म्हणाले, “किती छान, इथे कुणाचा हात लागलेला दिसत नाही.” दोन्ही गट खोटं बोलत नव्हते. फरक आठ वर्षांचा होता, आणि आठ वर्षं एकाच जागी थांबून बघायची सवड रानात काम करणाऱ्यालाच मिळते.

आता आपल्या भाषेतली एक अडचण. आपण सगळ्याला जंगलतोड म्हणतो. झाड कापून त्या जागी पुन्हा रान वाढू दिलं तरी जंगलतोड, आणि रान साफ करून तिथे शेत, कुरण, खाण, रस्ता केला तरी जंगलतोड. पहिल्यात झाड जातं. दुसऱ्यात जमीनच जाते, म्हणजे झाड परत येण्याची जागाच संपते. तुम्ही रस्त्याच्या ज्या तोडीविरुद्ध फलक धरलात ती दुसरी तोड होती, आणि तुमचं बरोबर होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या पाहणीत जगातलं जंगल सुमारे ४०६ कोटी हेक्टर भरलं, आणि २०१५ ते २०२० मध्ये दरवर्षी साधारण १ कोटी हेक्टर जंगल साफ होत होतं. त्याच संघटनेने उपग्रहाच्या चित्रांवरून २००० ते २०१८ चा हिशेब काढला तेव्हा जंगल नाहीसं होण्यामागे जवळजवळ ९० टक्के वाटा पिकांचा आणि गुरांच्या कुरणांचा निघाला. हे कळल्यावरही लोकांचा राग सुतारावर जातो, याचं मला फार वाईट वाटतं. ताटातलं अन्न कुठल्या जमिनीवर पिकलं हे दिसत नाही, आणि फळी मात्र झाडासारखी दिसते.

याचा अर्थ लाकूडवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. जुन्या दाट रानात चार मोठी झाडं काढायला ट्रकचा रस्ता पाडतात, आणि मग त्या रस्त्याने बाकीचे सगळे शिरतात. लाकूड नेणारा निघून जातो, रस्ता राहतो. माझ्याच हद्दीत एका पावसाळ्याच्या तोंडावर ठेकेदाराने घाई केली आणि ओंडके सरळ ओढ्याच्या पात्रातून ओढले. मी तीन दिवस उशिरा पोचलो. महिनाभर खालच्या वस्तीला गढूळ पाणी प्यावं लागलं. तिथल्या एका म्हाताऱ्या आजींनी मला तांब्याभर पाणी आणून दाखवलं, बोलल्या काहीच नाहीत. तळाशी दोन बोटं गाळ होता. लोकांचा अविश्वास हवेतून आलेला नाही, आम्ही तो कमावलेला आहे.

पानगळ, चिपकोचं तुम्ही आणलंत म्हणून सांगतो. १९७३ मध्ये आजच्या उत्तराखंडातल्या मंडल गावच्या लोकांना अंगूची झाडं हवी होती, शेतीची अवजारं करायला. त्यांना नकार मिळाला आणि तीच झाडं खेळाचं सामान करणाऱ्या कंपनीला दिली गेली. तिथून ठिणगी पडली. झाडाला हातच लावू नका असं त्यांचं सुरुवातीचं म्हणणं नव्हतं. कोण तोडणार, कशासाठी, आणि मागे राहणाऱ्याला काय उरणार, असा तो प्रश्न होता. पुढच्या वर्षी रेणीत गौरादेवी आणि गावच्या बायका उभ्या राहिल्या तेव्हा त्याला रान आणि पाणी वाचवण्याचं मोठं रूप आलं. मला विचाराल तर मंडलचा तो पहिला प्रश्न आजही लाकडाच्या प्रत्येक तुकड्याला विचारावा.

आणखी एक. “शाश्वत” हा शब्द आज सगळ्या जाहिरातींवर दिसतो, त्याचं एक मूळ याच कामात आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीत खाणींचा कारभार बघणाऱ्या कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये लिहून ठेवलं, की जेवढं वाढतं तेवढंच तोडा. खाणी आणि भट्ट्यांनी आसपासचं रान खाऊन टाकलं होतं, तेव्हा सुचलेली गोष्ट आहे ही. भूक लागल्यावर सुचलेलं शहाणपण, पण शहाणपणच.

मुलीला एवढं सांगा, की झाड तोडलं हे खरं आहे. आणि मग दोघी मिळून शोधा की ते होतं त्या जागेवर आज काय उभं आहे.

---

रंधा

वनपालकाकांनी मनातलं लिहिलं. मी २२ वर्षं फर्निचर करतो.

गिऱ्हाईक येतं, फळीवर टकटक करतं आणि विचारतं, “खरं लाकूड आहे ना?” खरं म्हणजे आतबाहेर एकच, वर चिकटवलेलं नाही. हा प्रश्न रोज. “कुठलं लाकूड?” हेही विचारतात, पण त्यांना जात हवी असते, साग की शिसव. “कुठून आलं?” असं विचारणारी माणसं २२ वर्षांत हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. त्यामुळे मीही माझ्या पुरवठादाराला विचारत नव्हतो. विचारलं पाहिजे हेच डोक्यात नव्हतं.

चार वर्षांपूर्वी एका बाईंनी विचारलं आणि मला सांगता येईना. त्या काही न बोलता गेल्या. तेव्हापासून वही ठेवली आहे. माल आला की कुणाकडून, कुठल्या रानाचा, वाहतुकीच्या परवान्याचा नंबर काय, सगळं लिहितो. आणि टेबल झालं की खालच्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे पेन्सिलीने तेच लिहितो.

ताई, तुम्ही एफएससीचा, म्हणजे लाकूड नीट राखलेल्या रानातलं आहे का हे तपासण्याच्या व्यवस्थेचा, शिक्का मागू शकता. १९९३ पासून आहे. शिक्क्याबरोबर एक नंबर असतो, तो त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघायचा, नुसत्या चित्रावर जायचं नाही. तीन प्रकार असतात. शंभर टक्के म्हणजे सगळं लाकूड तपासलेल्या रानातलं. मिक्स म्हणजे त्यात दुसरंही मिसळलेलं असू शकतं. रीसायकल्ड म्हणजे वापरलेल्या मालातून केलेलं. शिक्का नसलेलं प्रत्येक लाकूड चोरीचं असतं असं नाही, लहान शेतकऱ्याला तो खर्च झेपत नाही. तिथे तोडीचा आणि वाहतुकीचा कागद बघायचा.

एमडीएफबद्दल. ते पण लाकूडच आहे हो. विरळणीतलं बारीक लाकूड, गिरणीतला टाकाऊ माल कुटून, डिंकासारखं रसायन घालून दाबतात. वाया जाणारं कामी येतं ही त्याची जमेची बाजू. पण एकदा पाणी पिऊन फुगलं की संपलं, स्क्रू निसटला की भोक धरत नाही. सागाचं टेबल खराब झालं तर मी रंधा मारून पुन्हा नवं करून देतो. असं तीन पिढ्या चालतं. झाडाला ४३ वर्षं लागली असतील तर टेबल निदान तेवढं टिकलं पाहिजे, हा माझा स्वतःपुरता नियम आहे.

---

चौथा मजला

इमारतींचं काम करते, म्हणून थोडं. लाकडाची उंच इमारत दाखवली की लोक दोन प्रश्न लागोपाठ विचारतात. “जळणार नाही का?” आणि “किती झाडं गेली?” काँक्रीटची दाखवली तर किती डोंगर गेला, किती कोळसा जळला, हे कुणी विचारत नाही.

नॉर्वेत ब्रुमुंडाल इथे १८ मजल्यांची लाकडी इमारत २०१९ मध्ये पुरी झाली, ८५.४ मीटर उंच. जाड तुळई आगीत वरून कोळशासारखी होते आणि तो थर आतल्या लाकडाला वाचवतो. पाईनसारख्या लाकडात हे जळणं मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटरपेक्षा कमी वेगाने आत जातं, म्हणून तेवढी जादा जाडी आधीच धरता येते. शिवाय वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, तो इमारत उभी आहे तोवर हवेत जात नाही.

---

पानगळ

वनपालकाका, चिपकोची सुरुवात मी चुकीची धरली होती. मान्य.

पण कार्बनचा हिशेब ऐकला की मला धास्ती वाटते. टेबल टिकलं तर कार्बन टिकला. जगात तोडल्या जाणाऱ्या लाकडातलं जवळपास निम्मं तर इंधन म्हणून जळतं. आणि काही रानं अशी आहेत की तिथे “पुन्हा वाढू द्या” या शब्दांना अर्थच नाही. कॅनडात क्लेओक्वट साउंडला १९९३ च्या उन्हाळ्यात जुन्या रानाच्या तोडीविरुद्ध उभ्या राहिलेल्या ८०० हून जास्त लोकांना अटक झाली. तिथली कित्येक झाडं शेकडो वर्षांची. ती आठ वर्षांत परत येत नाहीत, आठ पिढ्यांतही येत नाहीत. अशा रानात कुठलाही शिक्का असो, मी विरोधातच उभा राहीन.

रोपवनाबद्दल माझं मत थोडं हललं आहे. तिथलं लाकूड वापरल्यामुळे जुन्या रानावरचा हात निघत असेल, तर त्या शांततेला काही मोल आहे. पण तो हात खरंच निघतोय का, हे कुणीतरी बघत राहिलं पाहिजे.

---

जुना वनपाल

पानगळ, जुन्या रानाबाबत मी तुमच्या शेजारी उभा आहे. काही झाडांवर रंगाचा पट्टा ओढायला माझाही हात गेला नव्हता. आणि बघत राहायला तुमच्यासारखी माणसंच लागतात, आम्हाला रोज तेच बघून काही गोष्टी दिसेनाशा होतात.

---

निरंजना

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण शोधायला तेवढा वेळ लागला.

सुतारदादांना विचारलं, त्यांनी पुरवठादाराचं नाव दिलं. पुरवठादार पहिल्यांदा म्हणाले, “ताई, साग आहे, साग कुठलाही सागच.” मी फोन ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. चौथ्या फोनला त्यांनी कागद शोधून पाठवला. रोपवनातलं लाकूड आहे, तोडीचं वर्ष आणि कूपाचा नंबर त्यावर आहे. तिथे आता काय उभं आहे असं विचारलं, तर म्हणाले धुमारे राखलेत, माणसाच्या कमरेएवढे आलेत. फोटो मागितला आहे, अजून आला नाही. मागत राहीन.

मुलीला सगळं वाचून दाखवलं. खुंटावरच्या ठशाची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. आता तिचा काकांना एक प्रश्न आहे. टेबल झालं आहे, पण पॉलिश व्हायचं आहे, त्यामुळे कडेची वलयं अजून दिसतात. आतून मोजत गेलं की साधारण बाराव्या वलयापासून पुढची नऊ-दहा अगदी चिकटून आहेत, नखही मावत नाही. मग एकदम रुंद होतात आणि बरीच वर्षं रुंदच राहतात. असं का?

---

जुना वनपाल

पोरीला शाबासकी द्या. मोठी माणसं हे विचारत नाहीत.

दुष्काळ पडला तर दोन-तीन वलयं बारीक होतात आणि झाड हळूहळू सावरतं. नऊ-दहा वर्षं बारीक आणि मग एकदम रुंद, तेही टिकून, म्हणजे त्याच्या डोक्यावरची सावली गेली. शेजारचं झाड गेलं असणार. वादळाने पडलं असेल तरी असंच दिसतं. पण रोपवनात हे बहुतेक विरळणीचं चिन्ह असतं. कुणीतरी त्याच्यापाशी थांबून वर बघितलं आणि पट्टा शेजारच्याला मारला.

नक्की करता येईल. फळीला सालीकडची कड शिल्लक आहे का बघा, तिथे फिकट पांढुरकी पट्टी असते आणि तिच्या टोकाला साल असल्याची खरखरीत खूण. असेल तर त्या कडेपासून आत मोजत यायचं, रुंद वलयं सुरू होतात तिथपर्यंत. तेवढी वर्षं तोडीच्या वर्षातून वजा करा. रोपवनाच्या नोंदवहीत विरळणीची वर्षं लिहिलेली असतात. कूपाचा नंबर तुमच्याकडे आहेच.

---

निरंजना

कड आहे, एका बाजूला पांढुरकी पट्टी दिसते आहे आणि खूणही. ती टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरली आहे आणि मोठ्याने मोजते आहे. सतरापर्यंत पोचली. थांबा, लिहिते.